श्वास घ्या, धरा, सोडा

मनःशांती माणसाच्या आतच असते, ती बाहेर शोधू नये, असं सगळे थोर लोक सांगून गेले आहेत. आत म्हणजे नेमकी कुठल्या खोलीत, हे मात्र कुणी सांगितलेलं नाही. दोन खोल्यांच्या घरात हा प्रश्न लगेच येतो.

ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांना पाटीला छाती टेकवून उभं करायचं, शिशाच्या काचेमागे जायचं आणि म्हणायचं, "श्वास घ्या. धरा. सोडा." अर्ध्या शहराच्या श्वासाची व्यवस्था तिच्याकडे होती. स्वतःचा कधी चालतो, कधी अडतो, याची तिला खबर नव्हती.

एका सकाळी तिने मंद आचेवर दूध ठेवलं, मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारच्या स्टुलावर टेकली आणि तेच तीन शब्द मनातल्या मनात स्वतःला म्हणाली. दूध वर येईपर्यंत. त्यानंतर सासूबाईंच्या पहिल्याच हाकेला तिने चक्क गोड आवाजात ओ दिली. सासूबाई घाबरल्या. "बरं नाही का गं तुला?"

मग ती रोज बसू लागली. घंटा नाही, गुरू नाही, चटईसुद्धा नाही. दूध वर येईपर्यंतचा वेळ तिचा. बाकीचा दिवस ज्याला हवा त्याने न्यावा, तिची तक्रार नव्हती.

नवऱ्याला हे बरेच दिवस कळलं नाही. तो ऑफिसात प्रशिक्षण द्यायचा, म्हणजे ज्यांना काम येतं त्यांना ते कसं करावं हे सांगायचा. एकदा मोजे शोधत तो बाल्कनीत आला.

"काय करतेयस?"

"बसलेय."

"ते दिसतंय. पण अशी? पाठ बघ जरा. आणि श्वास छातीतून घेतेयस. पोटातून घ्यायचा असतो."

"श्वास घ्या, धरा, सोडा, एवढंच म्हणते मनात. माझा चाललाय बरा."

"चालतो तो सगळ्यांचाच, अगं. प्रश्न दर्जाचा आहे. ऊठ, दाखवतो."

ती उठली. एवढीच काय ती तिची चूक.

दुसऱ्या दिवशीही त्याने दाखवलं. तिसऱ्या दिवशी दाखवायला समोर कुणी लागेनासं झालं. स्टूल गेलं, गादी आली. मशीनची घरघर नको म्हणून कपडे संध्याकाळवर गेले. आयत्या बिळावरचा नागोबा निदान गप्प तरी पडतो; हा उंदरालाच बिळात राहायचं कसं ते शिकवायचा.

"आणि मी कधी बसू?" तिने विचारलं.

"तुझं काय, तुला उपजतच येतं. तू उभ्या उभ्याही करशील."

तर ती उभी राहू लागली, ओट्यापाशी, हातात डाव घेऊन. दूध चर्रकन उतू गेलं की त्याची समाधी मोडायची, म्हणून ते वर येण्याआधीच खाली बसवायचं.

"भांडी हळू गं," सासूबाई कुजबुजायच्या. "तो आत उतरलाय."

"बाल्कनीत आहेत ते."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

तिने न्हाणीघर करून पाहिलं. दारावर थाप पडली, "किती वेळ?" गच्चीवर गेली, तर शेजारीण येऊन विचारून गेली, "भांडण झालं का हो?" इकडे तो ऑफिसात आपल्या तीन शब्दांच्या पद्धतीवर भाषणं देऊ लागला. टाळ्या पडायच्या. लोकांना एरवी एवढा वेळ डोळे मिटायला ऑफिसात कोण देतं?

मग ऑफिसची वार्षिक तपासणी आली आणि छातीच्या फोटोसाठी सगळे तिच्याच दवाखान्यात रांगेला लागले.

"ही आमची मिसेस," तो मागच्यांना म्हणाला. "माझीच पद्धत इथे पेशंटवर वापरते."

मागचे कौतुकाने हसले. तिने त्याला आत घेतलं, दार लावलं. दाराबाहेर लाल दिवा लागला. तो दिवा असेपर्यंत कुणी आत येत नाही.

"हनुवटी वर. खांदे पुढे."

"पोटातून घेऊ ना?"

"कुठूनही घ्या."

ती काचेमागे गेली. "श्वास घ्या. धरा."

त्याने धरला. तिने बटण दाबलं. फोटो निघाला.

खोलीत कुणी हाक मारत नव्हतं. दार वाजत नव्हतं. नवरा पाटीला छाती लावून उभा होता आणि लग्नानंतर पहिल्यांदाच काही सुचवत नव्हता. काचेमागे एक स्टूल होतं. ती त्यावर बसली, पाठ वाकडीच ठेवून. डोळे मिटले. तिसरा शब्द म्हटला नाही.

काचेपलीकडे खोकल्याची उबळ आली.

"अगं, सोडा म्हणायला विसरलीस की काय!"

आचेवर दूध असतं, तर अजून कोमटही झालं नसतं.