उजव्या कुशीची तिसरी फळी

मोगरीच्या तोंडाला तेलकट कापसाचा एक धागा अजून चिकटलेला होता... काम होऊन पाच आठवडे झाले तरी. नखाने खरवडावा म्हटलं, तर बोट तिथवर जाई आणि परत येई.

समोर स्टुलावर याच्या बायकोचा थोरला भाऊ बसला होता. गलबताचा तांडेल – म्हणजे गलबत बुडेपर्यंत तांडेल, आता नुसताच मेहुणा. ही वजाबाकी याला मनातल्या मनात गोड लागली.

बावीस वर्षं त्या गलबताने कौलं वाहिली, मीठ वाहिलं, एकदा तर बोंबलणाऱ्या शेळ्या. आणि दर वर्षी ते किनाऱ्यावर कलतं केलं, की त्याच्या पोटाखाली उताणं पडून फळ्यांच्या फटींत कापूस ठोकायचा तो यानेच. लाकूड धड असलं की मोगरी टणकन वाजते, आतून कुजलं असलं की बद्द. यंदा उजव्या कुशीची तिसरी फळी बद्द वाजली होती. सांगायला हा उठलाही होता – पण नेमका तेव्हाच वरून मेहुणा म्हणाला, "आमच्या भावोजींना समुद्र फक्त खालून माहीत." खलाशी हसले, ज्याला पोहता येत नव्हतं तोही हसला. मग हा पुन्हा आडवा झाला आणि त्या फळीवर डांबर जरा जाडच फासलं. बघू दे म्हटलं, वरून किती दिसतं ते.

"शीड उतरवायला मीच उशीर केला," मेहुणा म्हणाला. माणसं वाचली ती नशिबाने. उद्या मालकांपुढे तो हेच कबूल करणार होता, आणि मग त्याच्या हाती कोणी साधी होडीही देणार नव्हतं. "भार पडला आणि उजवी कूस फाटली. तुमचं काम चोख होतं भावोजी. हे आधी सांगणार आहे मी."

चोख. एवढी वर्षं हा शब्द कुठे ठेवला होता यांनी?

"अहो, काही बोला की," बायको दारातून म्हणाली. "दादा तीन दिवस धड जेवला नाही."

बोलू काय? एका फळीचं नाव घेतलं की मेहुणा सुटतो... आणि मी?

मेहुणा उठला.

"दादा, बसा जरा," हा म्हणाला.

तो बसला, वाट बघत. आणि याला एकाएकी वाटलं, मेहुण्याने आत्ता, बायकोदेखत, तसंच काहीतरी लागेलसं बोलावं – म्हणजे गप्प राहणं सोपं जाईल. पण मेहुण्याने आपला कप बाजूला सारून याचाच कप पुढे केला.

"घ्या भावोजी. चहा निवतोय."

मोगरी मांडीवर होती. धागा तसाच.