जंगलमावशीच्या दोन रेषा

"पण जंगलाला माझी चूक कळली कशी?"

हे ती पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाली तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं, हे बरंच झालं. निवृत्तीला महिना राहिलेली बाई कॉम्प्युटरशी भांडायला लागली, ही बातमी कँटीनपर्यंत पोचायला वेळ लागला नसता.

पडद्यावर दोन रेषा होत्या, एक निळी आणि एक लाल. निळी तिच्या मॉडेलची. वरून फिरणारा उपग्रह जंगल किती हिरवं आहे ते सांगतो, हवामान खातं ऊन, पाऊस आणि तापमान सांगतं, आणि त्यावरून जंगलाने हवेतला किती कार्बन आत घेतला नि किती बाहेर टाकला याचा हिशेब मॉडेल करतं. झाडं उन्हात घेतात. माती आणि कुजणारं लाकूड रात्रंदिवस टाकत असतं. रेषा शून्याच्या खाली असली की जंगल घेतंय, वर असली की टाकतंय. लाल रेषा टॉवरची. जंगलाच्या मधोमध, झाडांच्या डोक्यावर जाईल एवढा उंच लोखंडी टॉवर होता आणि त्याच्या टोकावरची यंत्रं तीच गोष्ट थेट हवेत मोजत. मॉडेल म्हणजे अंदाज आणि टॉवर म्हणजे साक्षीदार. तिची उभी नोकरी या दोन रेषा एकमेकींजवळ आणण्यात गेली होती. म्हणून ऑफिसात सगळे तिला जंगलमावशी म्हणत. मावशीने ते जंगल एकदाही पाहिलेलं नव्हतं, यावर चहाच्या वेळी हमखास विनोद होई आणि तीही त्यात हसून घेई.

गेली काही वर्षं या रेषा दृष्ट लागावी अशा जुळल्या होत्या. इतक्या, की साहेबांनी ठरवून टाकलं होतं, मॉडेल एवढं खरं बोलतंय तर टॉवर पोसायचा कशाला? तो उतरवायचा आणि मॉडेल देशभरच्या जंगलांना लावायचं. शुक्रवारी बैठक होती. तिने आलेख दाखवायचा, टाळ्या घ्यायच्या आणि सुखाने घरी जायचं, एवढंच बाकी होतं.

तो आलेख नीटनेटका करताना तिला उन्हाळ्यातला एक दिवस दिसला. त्या दिवशी भर दुपारी निळी रेषा आडवी पडली होती. कारण लगेच सापडलं. हवामानाच्या फाइलमध्ये त्या दिवसाचं तापमान कुणाच्या तरी नजरचुकीने गोठणबिंदूच्या खाली गेलं होतं. मॉडेल बिचारं भोळं; झाडं गारठली असं धरून त्याने त्यांचं काम बंद करून टाकलं होतं. तिला हसू आलं. मग तिचं लक्ष लाल रेषेकडे गेलं आणि हसू जिथल्या तिथे राहिलं. लाल रेषाही तशीच आडवी पडली होती. फाइलमधली चूक खऱ्या जंगलाने वाचली कुठे?

संध्याकाळी ती नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसली. ते एक फ्रेम घासत होते.

"अहो, दोघांची चूक अगदी सारखी कधी होते?"

"एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलं की."

"चेष्टा नको. त्यातलं एक जंगल आहे."

"मग जंगलाने कॉपी केली." त्यांनी काचेवर फुंकर मारली. "अगं, माझ्याकडे येतात ना लोक. बाकावर बसल्या बसल्या समोरचा तक्ता पाठ करून टाकतात. मग खुर्चीत बसले की शेवटची ओळसुद्धा घडाघडा म्हणतात. आपल्याला वाटतं, वा, काय नजर आहे! मी मुकाट्याने तक्ता बदलतो."

"आणि?"

"आणि मग बसतात भिंतीकडे टकामका बघत."

रात्री जेवताना भाजीत मीठ नाही असं त्यांनी दोनदा सांगितलं, पण तिचं लक्षच नव्हतं.

सकाळी तिने टॉवरदादांना फोन लावला. टॉवरवर चढून यंत्रं पुसणं आणि माहिती पाठवणं हे त्यांचं काम. दोघांची ओळख फोनवरचीच, पण जुनी.

"दादा, यंत्रं कशी आहेत?"

"एकदम ठणठणीत, ताई! वाऱ्याचं चालू, तापमानाचं चालू, उन्हाचं चालू."

"आणि कार्बनचं?"

"ते होय? ते तर दुष्काळ पडला त्या वर्षीच गेलं की. मी कळवलं होतं तेव्हाच. पार्ट येणार म्हणाले. येतोय अजून." ते स्वतःच हसले. "पण बाकीचं सगळं वेळेवर पाठवतो हं मी. तुमच्या पडद्यावर आपल्या टॉवरचा दिवा हिरवाच दिसतो ना?"

"हिरवाच दिसतो, दादा," ती म्हणाली.

आता तिला सगळं कळलं होतं. यंत्रावर पाणी साचलं, कोळ्याने जाळं विणलं, की टॉवरची एखादी दुपार कोरी जायची. आलेखातली अशी भोकं मॉडेलच्या आकड्यांनी बुजवणारा एक छोटासा प्रोग्रॅम तिनेच नोकरीच्या सुरुवातीला लिहिला होता. कुठे थांबायचं ते तिने त्याला सांगितलं नव्हतं. कार्बनचं यंत्र वर्षानुवर्षं बंद राहील हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. प्रोग्रॅम आपला इमानेइतबारे बुजवत राहिला होता. दुष्काळानंतरची अख्खी लाल रेषा म्हणजे निळीच होती, फक्त रंग बदललेली.

"ताई, टॉवर काढणार असं ऐकतोय. खरं का?"

"शुक्रवारनंतर सांगते."

"म्हणजे खरंय." "मी काय, दुसरीकडे कुठे चढेन. पण साहेबांना म्हणावं, आधी ते यंत्र चालू करा आणि मग बंद करा. असं बंद पडलेलं बंद करू नका. बरं दिसत नाही."

साहेब तिच्याहून वयाने लहान आणि माणूस चांगला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, हे शुक्रवारनंतर बोललो तर? मॉडेलवर तुमचं नाव आहे. जाता जाता स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेता? आणि कदाचित मॉडेल बरोबरही असेल."

"असेलही, सर. तेच तर मला बघायचंय. टॉवर गेला की कधीच कळणार नाही."

ती घाबरली नव्हती असं नाही. पण ते जंगल इतकी वर्षं खरोखर काय करत होतं, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरल्यावर तिला स्वस्थ बसवेना.

शुक्रवारी तिने आलेख दाखवला तेव्हा दुष्काळापर्यंत दोन रेषा होत्या आणि पुढे एकटी निळी. लाल रेषा मध्येच तुटून कोरी जागा राहिली होती. तिने कारण सांगितलं, प्रोग्रॅम आपणच लिहिला होता हेही सांगितलं. मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे दुष्काळानंतर या जंगलाचं काय झालं?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. त्या सभागृहात हे वाक्य फारसं कुणी उच्चारत नसे. लोक आपापल्या कागदांकडे बघू लागले. टाळ्या काही झाल्या नाहीत. मॉडेल देशभर लावायचं राहिलं, टॉवर उतरवायचंही राहिलं. आणि इतकी वर्षं 'येतोय' असलेला तो पार्ट मात्र आठ-दहा दिवसांत येऊन पोचला.

तिच्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. टॉवरदादांनी आदल्या संध्याकाळी यंत्र बसवलं होतं आणि सकाळपासून खरीखुरी लाल रेषा अर्ध्या-अर्ध्या तासाने थोडी थोडी पुढे सरकत होती. प्रोग्रॅम तिने आधीच बंद केला होता. खोटं कशाला बोला, रेषा जुळावी असंच तिला मनापासून वाटत होतं. ऊन वाढलं तशी निळी रेषा खोल खाली गेली. लाल शून्याच्या खाली जेमतेम टेकली आणि ऊन कलायच्या आत पुन्हा वर निघाली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. जंगल घेत होतं त्याहून जास्त टाकत होतं. आणि ते उत्तम चाललंय असं ती दरवर्षी लिहून देत आली होती. तिला फार वाईट वाटलं, घरातलं कुणी आजारी असून आपल्याला पत्ताच नसावा तसं.

तिने फोन लावला. टॉवरदादा वर चढलेले होते, वाऱ्याचा आवाज येत होता.

"जुळलं का, ताई?"

"नाही, दादा."

"अरेच्चा! मी पार्ट उलटा बसवला की काय?"

"नाही हो. तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं." मग तिने विचारलं, "वरून काय दिसतंय तुम्हाला?"

"हिरवंगार आहे, ताई. नजर जाईल तिथवर."

"उपग्रहालाही तसंच दिसतं. आणि खाली?"

"खाली..." ते अडखळले. "मी तर आपला पायवाटेनेच येतो-जातो. आत कुठे शिरतो? थांबा, उतरून बघतो. फोन ठेवू नका."

लोखंडी शिडीवर त्यांची पावलं वाजू लागली. ती कानाला फोन लावून बसून राहिली. पावलं थांबली, मग पाचोळा करकरला आणि फांद्या बाजूला झाल्या.

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "वेलींनी वरून सगळं झाकलंय, म्हणून कळत नाही. आत मोठी मोठी झाडं मेलीयत. काही उभीच आहेत, काही खाली आलीयत. पाय ठेवतो तिथे लाकडाचा भुसा होतोय."

ती थोडं पाणी प्याली.

"थांबू नका, दादा," ती म्हणाली. "पुढे चला. काय काय दिसतं ते मला सांगत राहा."

ते चालत राहिले, एकेका झाडाचं नाव घेत, आणि ती डोळे मिटून ऐकत राहिली.