वाचवलेलं मलम

दिवस पहिला. मधल्या बोटाला नखुरडं झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सात दिवस मलम लाव. बरं वाटलं तरी मध्येच सोडू नकोस."

दिवस तिसरा. ठणका गेला. मी शिवणकाम करणारी बाई, चिंधीसुद्धा टाकत नाही.

दिवस चौथा ते सातवा. या चार दिवसांचं मलम मी वाचवलं.

महिन्याभराने बोट पुन्हा पिकलं. दोन दिवस मलम लावलं आणि ट्यूब परत डब्यात ठेवली. जाऊबाई हसल्या, "अगं, औषध आहे ते, कापडाचे तुकडे नव्हेत!"

आज. बोट तिसऱ्यांदा पिकलंय, आठवडाभर मलम लावूनही सूज उतरत नाही. "अर्धवट औषधाला जंतू सरावले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नख काढावं लागेल."

सुई ढकलायचं अंगुस्तान त्या बोटात शिरत नाही. समोर तीस शर्टांची काजं राहिली आहेत. ट्यूबमध्ये मलमही राहिलं आहे.