बोरन्हाणाची वाटी

कामिनीने ती वाटी लपवली नसती, तर पुढचे काहीच घडले नसते. पण सासूच्या पावलांची चाहूल लागली की हातातली वस्तू आधी लपवायची आणि ती लपवण्याजोगी होती का याचा विचार मागाहून करायचा, ही तिची लग्नापासूनची सवय होती. सवयीला विचारून कोणी वागत नाही. सखाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, तशी कामिनीने वाटी फळीवर गुळाच्या डब्यामागे सरकवली आणि पदराला हात पुसले.

"कामिने, पाट धुतला काय?"

"धुतला, आई."

"मंग उभी काहून? बाया येऊन राहिल्या."

आसगावच्या त्या घरात त्या दिवशी मोनूचे बोरन्हाण होते. मोनू म्हणजे कामिनीच्या धाकट्या जावेचे, मेघाचे, वर्षाच्या आतले लेकरू. मेघा आणि भूपेश यांच्या लग्नाला कितीतरी वर्षे झाली, नवस झाले, नागपूरचे दवाखाने झाले, आणि तेव्हा कुठे हे पोर घरात रांगू लागले होते. त्याच्या पहिल्या संक्रांतीला गल्लीतली झाडून सारी पोरे बोलावली होती. काळे झबले घालून, हलव्याचे दागिने लेवून तो पाटावर बसणार, त्याच्या डोक्यावरून बोरे, मुरमुरे, उसाचे तुकडे, हलवा आणि गोळ्या ओतायच्या, आणि पोरांनी त्या लुटायच्या. बाळाला त्या वर्षी काही बाधत नाही, असे मोठी माणसे सांगत आली आहेत.

वाटीत काय होते? खेळण्यातल्या ठोकळ्यांचे वाटाण्याएवढे गोल तुकडे. गुलाबी, पांढरे आणि पिवळे. वर लहानशी बोंडी, खाली खळगा. एकावर एक दाबले की टक् असा आवाज होऊन घट्ट बसत.

दिवाळीपूर्वी माळा आवरताना तिला प्रितमच्या जुन्या ठोकळ्यांचा डबा सापडला होता. मुलगा नागपूरला शिकायला गेलेला. डबा अंगणवाडीला द्यावा, म्हणून तिने तो उघडला, आणि दुपार कशी गेली ते तिला कळले नाही. लहानपणी भंडाऱ्याला असाच एक डबा तिच्या आणि तिच्या भावाच्या वाट्याला आला होता. ती घर बांधी, भाऊ ते मोडून गाडी करी. मग एके दिवशी "पोरीले कायले पायजे" म्हणून तो डबा मामाच्या मुलाला देऊन टाकला गेला. तिने तेव्हा हूं की चूं केले नव्हते. बोटे मात्र विसरली नव्हती. डोक्याला जे सांगता येत नाही, ते बोटे वर्षानुवर्षे सांभाळून ठेवतात.

तेव्हापासून घर जेवून आडवे झाले की ती मागच्या खोलीत बसे. गावचा तलाव बांधायला घेतला होता तिने: मातीची पाळ, पाणी सोडायचे गेट, पाळीवरचे आंब्याचे झाड, ढिवरांचा मासे धरायचा एक डोंगा आणि पाण्यावर कमळे. लागणारे बारीक तुकडे लाखांदूरला पार्सलने येत, आणि तिथल्या नोकरीवरून परतताना तिचा नवरा कैलाश ते गुपचूप आणून देई. "आईले समजलं तं मी तुले ओळखत नाही," असे तो म्हणे. तलाव राही धानाच्या रिकाम्या कोठीत. धान आता पोत्यांतूनच बाहेर जाई, त्यामुळे कोठीत कोणी डोकावत नसे. "रिकामा हात घराले खाते," हे सखाबाईंचे वचन होते, आणि त्यांच्या दृष्टीने खेळणारा हात रिकाम्याहून वाईट.

आदल्या दिवशीच तिने सारी कमळे पाण्यावर बसवून पाहिली होती. एकही तुकडा कमी नव्हता, एकही जास्त नव्हता. पण खालच्या पाण्याचा निळा रंग तिला फिका वाटला, म्हणून कमळे उतरवून, त्यांचे तुकडे सुटे करून वाटीत काढले. ती वाटी घेऊन ती कोठीकडे निघाली आणि मध्येच सासूबाई आल्या.

अंगणात बाया जमल्या. औक्षण झाले. कामिनी चहा ठेवायला आत आली. बाहेर पहिली ओंजळ सखाबाईंनी ओतल्याचे तिला पोरांच्या आरोळीवरून कळले. पाठोपाठ सासूबाईंचा आवाज आला, "मेघा, हा हलवा कोठून आणला वो? ना गोड, ना विरघळे! पाण्यासंगं उतरवा लागला मले."

"पवनीच्याच दुकानातला आहे, आई."

"दुकानदारानं तुले पाहूनच देल्ला दिसते."

बाया हसल्या. कामिनीही चहा गाळता गाळता हसली. गूळ झाकावा म्हणून तिने फळीकडे हात नेला, आणि डब्यामागे हाताला काहीच लागले नाही.

तिने डबा उचलला. मागे नुसती भिंत.

शेजारच्या ललिताबाई आत आल्या आणि रिकामी वाटी मोरीत ठेवू लागल्या. "गोळ्या अशा मागं कायले ठेवल्या होत्या वो वैनी? मी म्हटलं विसरलीच बिचारी. टाकल्या मी ताटात."

कामिनी अंगणात धावली. पोरे गुडघ्यांवर रांगत बोरे वेचत होती. पाटावर मोनू बसला होता. मूठ तोंडात, हनुवटीवरून लाळ. त्याच्या मांडीपाशी एक गुलाबी तुकडा बोंडी वर करून पडला होता. तिच्या डोळ्यांदेखत मोनूला ठसका लागला. एक, मग आणखी एक. मेघाने त्याची पाठ चोळली आणि हसून म्हणाली, "हळू खा रे, भुकेल्या!"

माणसाची परीक्षा पाहायला देवाला फार वेळ लागत नाही. आता आपण गप्प राहिलो तर कोणाला काही कळणार नाही, हे कामिनीला त्या एका ठसक्यात स्वच्छ दिसले. तुकडे बोरांबरोबर पोरांच्या खिशात जातील, केरात जातील. आणि एखादा मोनूच्या पोटात असेल, किंवा पोटापर्यंत न पोचता मध्येच कुठे असेल, तर तेही कोणाला कळणार नाही. 

"मेघा, त्याला उचल! त्याच्या तोंडात बघ! त्या गोळ्या नाहीत, प्लास्टिक आहे!"

मेघाने मोनूचे तोंड उघडले. आत फक्त मुरमुऱ्याचा लगदा होता. पण आधी काय गेले, ते कोण सांगणार?

"प्लास्टिक कायचं?" सखाबाईंनी विचारले.

"खेळण्याचे तुकडे आहेत, आई."

"कोणाचं खेळणं? प्रितम तं नागपूरले हाये."

"माझं."

सखाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मोतीबिंदूने त्यांच्या डोळ्यांवर साय आली होती, तरी त्या नजरेखाली उभे राहणे सोपे नव्हते. "तुहं?" एवढेच त्या म्हणाल्या.

भूपेशने पवनीच्या डॉक्टरांना फोन लावला होता. फोनमधला आवाज साऱ्यांना ऐकू येत होता. "घशात बोट घालू नका. श्वास नीट चालला आहे ना? ओठ निळे नाहीत ना? मग नीट ऐका. प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही. आत गेलं की नाही, हे तुम्हीच शोधा. गेलं असेल, किंवा सांगता येत नसेल, तर थेट नागपूर. श्वासाला त्रास झाला तर शोधत बसू नका, आधी निघा."

"कसं शोधायचं?" मेघा रडू लागली. "वैनी, कसं शोधायचं सांगा ना! मायं लेकरू हाये ते!"

कामिनीने पाटावरचा तो गुलाबी तुकडा उचलला. "सगळे तुकडे परत द्या. मी तलाव बांधते. कमळं पुरी झाली, तर आत काही गेलं नाही."

कोणाला काही उमगले नाही. सखाबाईंना मात्र तेवढे पुरले. त्या उठल्या, फाटकाशी गेल्या आणि काठी आडवी धरली. "एकही पोट्टं बाहेर जाणार नाही! खिसे उलटे करा. ज्याचं जे हाये ते त्याले परत भेटन, वरून लाडू भेटन. भूपेश, गाडी दारात लाव. ललिता, तुही रंजू घरी पळाली, तिले आण."

सतरंजीवर लुटीचा ढीग झाला. बाया बोरे, ऊस, हलवा बाजूला सारू लागल्या. कामिनीने कोठीतून तलाव आणला तेव्हा तो उघड्यावर आणल्याची लाज वाटायलाही तिला वेळ नव्हता. "अवं, हे तं आपलं गेट!" कोणीतरी म्हणाले.

ती बांधू लागली. खाली पांढरे, वर गुलाबी, मधोमध पिवळा. एरवी ज्या आवाजाने तिचे मन निवे, तो टक् आता छातीत बसत होता. बोटे घामाने घसरत. प्रत्येक कमळागणिक ती मान वर करून मोनूच्या छातीकडे पाही. तो मेघाच्या खांद्यावर पेंगुळला होता; तो झोपेने पेंगला की आणखी कशाने, हेही तिला सांगता येईना. रंजू आली, तिच्या मुठीत दोन गुलाबी निघाले. सतरंजी झटकली, मोनूचे झबले झटकले, पाट उलटा केला.

शेवटचे कमळ पाळीच्या कडेला होते. त्याच्या पाकळ्या बसल्या. मधली जागा उघडीच राहिली.

"एक पिवळा नाही," कामिनी म्हणाली. 

मेघाने हंबरडा फोडला. भूपेशने गाडी सुरू केली. "नीट पाहा ना वो वैनी, जास्तीचा असन एखादा!"

"नाही भाऊजी. काल सगळे बसले होते. एक नाही म्हणजे नाही."

मेघा मोनूला घेऊन गाडीत बसली. कामिनी अनवाणीच मागे धावली.

"थांबा." सखाबाई फाटकाजवळच्या खाटेवर बसल्या होत्या. "त्यातला एक आण इकडं. मायाजवळ."

"आई, वेळ नाही!" भूपेश ओरडला.

"आण म्हटलं ना!"

कामिनीने दुसऱ्या कमळातला पिवळा तुकडा उपटून त्यांच्या तळहातावर ठेवला. सखाबाईंनी तो अंगठ्याखाली फिरवला. बोंडी चाचपली. खळगा चाचपला. सारे आयुष्य त्या कोणासमोर चुकल्या नव्हत्या, निदान चुकल्याचे कोणी त्यांना सांगितले नव्हते. आणि आता दारात सारी गल्ली उभी होती. गाडीचे इंजिन घरघरत होते. कामिनीला वाटले, आता या आपल्याला शिव्या देतील, आणि तिने त्या मनोमन कबूलही केल्या.

"वर बोंडी होती त्याले," सखाबाई सावकाश म्हणाल्या. "जिभेले लागली. मी म्हटलं, हलव्याचा काटा असन. चघळला तं विरघळे ना. मंग पाण्यासंगं गिळला." त्यांनी मान ताठ केली. "लेकराले उतरव, मेघा. तो मायाच पोटात हाये."

कोणी हसले नाही. हसण्याची छाती कोणाची होती? मेघा गाडीच्या पायरीवरच बसून हुंदके देऊ लागली. भूपेशने डॉक्टरांना पुन्हा फोन लावला. आजीचे काही बिघडत नाही, आपोआप निघून जाईल, असे ते म्हणाले. "मले ठाऊक हाये," सखाबाई म्हणाल्या. "या पोटानं काय काय पचवलं." ललिताबाईंनी तोंडाला पदर लावला, तशी काठी त्यांच्याकडे वळली. "आन् तू, ललिता! ज्या घरची वाटी, त्या घरच्या बाईले पुसल्याबिगर हात लावशीन काय पुन्हा?"

सांजवेळी, सारे पांगल्यावर, त्यांनी कामिनीला हाक मारली. तलाव अजून सतरंजीवरच होता. काठीच्या टोकाने त्यांनी पाळ दाखवली. "कोठीत कायले लपवलं होतं?"

"तुम्हाला आवडलं नसतं."

"नसतंच आवडलं. पण उजेडात असतं, तं गोळी म्हणून कोणी उचललं नसतं." मग त्या म्हणाल्या, "माया कपाटात वरचा खण मोकळा कर. मोनू मोठा होतवरी हे कुलपात राहीन. चावी मायाजवळ."

कपाटाला कुलूप लागले. चावी सखाबाईंच्या कमरेला गेली. त्यानंतर कितीतरी दुपारी कामिनी मागच्या खोलीकडे फिरकली नाही. मोनू खोकला की ती हातातले काम टाकून धावे. जमिनीवर हरभऱ्याची डाळ सांडलेली दिसली तरी ती खाली बसून दाणा न् दाणा वेची. तो टक् आवाज आता कानांना नकोच, असे तिने स्वतःला बजावले होते.

एका दुपारी ती तांदूळ निवडत असता समोर काहीतरी खणकन पडले. चावी होती.

"रोज वाट पाहून राहिली मी," सखाबाई खाटेवरून म्हणाल्या. "चावी मांगाले काहून येत नाही?"

"नको, आई. मला भीती वाटते."

"वाटली पायजे. चुलीचीबी वाटते, म्हणून सैपाक सोडते काय कोणी?" त्यांनी कूस बदलली. "आन् ते एक कमळ तसंच ठेव. त्यात दुसरा बसवू नको. मायं हाये ते."

कामिनीने चावी उचलली. कपाटापाशी जाण्याआधी ती मेघाच्या खोलीच्या दारात गेली, मोनू पाळण्यात आहे हे पाहिले, त्याची छाती वर-खाली होते आहे हे पाहिले, दार ओढून घेतले आणि कडी लावली. मग तिने कडी पुन्हा एकदा हलवून पाहिली.