तोल शिकवून दमलेली फळी

मित्रांनो, मी एक जुनी, दमलेली डुगडुगती फळी आहे. वर गोल पाट, खाली लाकडाचा अर्धा चेंडू. मला घडवताना सुतार हसून म्हणाला होता, "लोक न डुगडुगणारं सामान मागतात. तुझं सगळंच उलटं!"

मग मी व्यायामोपचाराच्या खोलीत आले. अर्धांगवायू झालेली माणसं माझ्यावर उभी राहून तोल सावरायला शिकत. त्यांचे थरथरते पाय सोसून सोसून माझा रंग उडाला, कडा झिजल्या.

एकदा कंडक्टरकाका आले. उभा जन्म धावत्या बसमध्ये आधार न घेता उभे राहिलेले. आता डावा पाय त्यांचं ऐकत नव्हता. घरी ते पडताना काकूंनी सावरलं आणि काकूंच्याच कमरेत उसण भरली.

काही आठवडे त्यांच्या उपचारात नुसती मीच होते. काका डगमगायचे, चिडायचे. एक दिवस त्यांनी मला काठीने दूर ढकललं.

"या फळीने काही होणार नाही. घरी चल."

"आणि पुन्हा पडलात तर? मला नाही हो उचलवत तुम्हाला आता," काकू म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

उपचार करणाऱ्या ताईंनी स्टूल पुढे ओढलं. "काका, चूक तुमची नाही, फळीचीही नाही. एका चाकावर गाडी चालत नाही. आपण सगळं मिळून करू."

मग आधी पायाच्या स्नायूंना विजेचे हलके झटके, नंतर आरशासमोर माझ्यावर उभं राहणं, मग दोन दांड्यांमधून चालणं. ते चालत असताना ताई त्यांच्याकडे झेलायला चेंडू टाकायच्या. "काका, बसचे थांबे सांगा!"

"बाजार! शाळा! पूल! अहो, दारातून बाजूला व्हा!" खोलीभर हशा पिकायचा. कधी चेंडू सुटायचा, कधी धीर. पण हळूहळू माझ्या कडा जमिनीवर आपटेनाशा झाल्या.

एका सकाळी काकू दारातूनच सांगत आल्या, "ताई, आज ह्यांनी बेसिनपाशी उभं राहून, डोळे मिटून तोंड धुतलं. दोन्ही हातांनी!" ताईंनी काकांची पाठ थोपटली, मलाही शाबासकी दिली. काठी काही सुटली नाही, पाय अजून थोडा ओढतच होता.

आता पडद्यावर बघून तोल शिकवणारं नवं यंत्र आलंय. मी कपाटामागे पडून असते. मला कुणी पुसत नाही, दोन्ही अर्थांनी. खरं सांगू? पडून राहण्याचाही शीण येतो.

अशा वेळी काकांचा उपचाराचा शेवटचा दिवस आठवतो. काकू सवयीने हात पुढे करून त्यांच्या मागे उभ्या होत्या. काका सावकाश वळले, भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "मी उभा आहे. तू बस बघू."

काकू बसल्या. कितीतरी वेळ उठल्याच नाहीत.

मित्रांनो, माझी धूळ राहू द्या. पण तुमच्या घरी कुणी कुणाला रोज सावरत असेल, तर त्या सावरणाऱ्यालाही अधूनमधून म्हणा, "आता तू बस."