ताश-बुलाकची वेळ

सकाळी आठला कायिरगुलचा फोन आला. "अगाय, घड्याळ बोलत नाहीये," ती म्हणाली. मी चहा तसाच ठेवला, टोपी घातली आणि निघालो.

शाळेतून निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली, तरी गाव मला अगाय, म्हणजे मास्तर, म्हणूनच हाक मारतं. मी भौतिकशास्त्र शिकवायचो. कायिरगुल माझ्या वर्गात होती. आता ती चौतीस वर्षांची आहे आणि गावाच्या वरच्या अंगाचं भूकंपमापनाचं ठाणं सांभाळते. तिच्याआधी तिचे सासरे सांभाळायचे. ठाणं म्हणजे दोन खोल्या. एका खोलीखाली खडकात बसवलेलं यंत्र जमिनीची हालचाल टिपतं. दुसऱ्या खोलीत कॉम्प्युटर आहे आणि भिंतीवरच्या फळीवर ते घड्याळ.

या घड्याळाला काटे नाहीत. राखाडी डबा, त्यावर दोन दिवे. छपरावरच्या अँटेनातून ते उपग्रहांकडून वेळ घेतं आणि दर सेकंदाला एका केबलमधून कॉम्प्युटरला सांगतं. जमीन कशी हलली हे यंत्र सांगतं, कधी हलली हे घड्याळ. दुसरं नसेल तर पहिल्याला काही किंमत नाही. मुलांना मी हे असं सांगायचो: खडकातून लाट सेकंदाला सहा किलोमीटर पळते. तुम्ही अर्धा सेकंद चुकलात, की तुमचा भूकंप तीन किलोमीटर सरकून डोंगरापलीकडे जातो आणि तिथली माणसं विचारतात, आमच्याकडे तर कपसुद्धा हलला नाही.

त्या दिवशी बरोबर बारा वाजता बहात्तर किलोमीटरवरच्या खाणीत मोठा स्फोट व्हायचा होता. राजधानी बिश्केकच्या भूकंप संस्थेने माणसं असलेल्या आठही ठाण्यांना पत्र पाठवलं होतं. स्फोटाची पहिली लाट तुमच्याकडे कधी पोचली ते सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत कळवा. आठांपैकी तीन ठाणी ठेवायची, बाकीच्यांना कुलूप. आमच्या ताश-बुलाकच्या ठाण्यात एकोणपन्नास वर्षांत एका दिवसाचीही नोंद चुकलेली नव्हती. ते सगळं, आणि कायिरगुलची नोकरी, त्या एका दुपारवर आलं होतं.

मी पोचलो तेव्हा ती फोनवर होती. पलीकडे संस्थेचा मिर्लान, तिला एजे, म्हणजे ताई, म्हणणारा पंचविशीतला पोरगा. तिने फोन मेजावर ठेवून आवाज मोठा केला.

"एजे, बंद करून चालू केलंत का?"

"दोनदा."

"मग डबा जळलाय. मी सोमवारी नवा पाठवतो. आजच्या यादीत तुमच्यापुढे 'वेळ नाही' असं लिहून टाकतो."

"अजून चार तास आहेत, मिर्लान. आत्ताच कशाला लिहितोस?"

"लिहून ठेवतो, मागाहून घाई नको. अगाय आलेत वाटतं? नमस्कार अगाय. तुमच्या वेळची, रेडिओवर वेळ सांगणारी टिकटिक नाही बरं का ही."

"ती टिकटिक कधी जळली नाही रे," मी म्हणालो. त्याने हसून फोन ठेवला.

कायिरगुल हसली नाही. "काल रात्री आठची पाहणी माझी चुकली, अगाय. मेंढी अडली होती, दोन कोकरं उलटी. आठला पाहिलं असतं तर अख्खी रात्र हातात होती."

"कोकरं?"

"जगली."

"मग झालं. आता काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, ते सांग."

शाळेत मी हाच प्रश्न विचारायचो. उत्तर सांगून टाकणं सोपं असतं, पण मग ते उत्तर मास्तरचं राहतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतंच. म्हणून मी खुर्ची ओढून बसलो आणि हात मांडीवर ठेवले.

"घड्याळाचे दोन्ही दिवे हिरवे आहेत," ती म्हणाली. "म्हणजे ते जिवंत आहे आणि त्याला उपग्रह दिसताहेत. डबा जळलेला नाही, निदान पूर्ण तरी नाही. कॉम्प्युटर चालू आहे. पण घड्याळाकडून एक अक्षर येत नाही. म्हणजे एक तर घड्याळाचं तोंड गेलंय, नाहीतर कॉम्प्युटरचा कान, नाहीतर मधली वाट."

"तीन. कुठून सुरुवात?"

 तिने केसांतली पिन काढली.

कॉम्प्युटरच्या मागे केबल जिथे लागते तिथे नऊ बारीक खिळे असतात. एकातून तो बोलतो, एकातून ऐकतो. कायिरगुलने केबल काढली, पिन वाकवून ते दोन खिळे एकमेकांना जोडले आणि कीबोर्डवर स्वतःचं नाव टाइप केलं. पडद्यावर तेच नाव उमटलं.

"बोललेलं परत ऐकू आलं," ती म्हणाली. "कॉम्प्युटरचा कान शाबूत आहे. आठवतं अगाय, पाचवीत तुम्ही आम्हाला घळीत नेलं होतं? समोरच्या कड्याला हाक मारायला लावली होती?"

"तू कड्याला शिवी दिली होतीस."

"त्यानेही दिली. तेव्हाच कळलं की कडा तिथे आहे."

आता तिने केबल पुन्हा कॉम्प्युटरला लावली, घड्याळाकडचं टोक सोडवलं आणि पिन त्या टोकाला अडकवली. परत नाव टाइप केलं. पडदा कोरा. पुन्हा केलं. कोराच.

मला खुर्चीत बसवेना, पण मी बसून राहिलो. तीन संशयितांतला एक सुटला होता आणि एक सापडला होता, आणि हे तिने एका पिनेवर केलं होतं. साडेनऊ वाजले होते.

"केबल," ती म्हणाली. "पण सहा वर्षं चालली आणि काल का गेली?"

तिने जुनी नोंद उघडली. घड्याळाची शेवटची ओळ होती: काल संध्याकाळी पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटं, बावीस सेकंद. त्यानंतर काही नाही. मरताना वेळ सांगून गेलेला साक्षीदार मी पहिल्यांदाच पाहिला.

कायिरगुलने दार उघडून हाक मारली, "आपा, काल पावणेसहाला ठाण्यात कोण आलं होतं?"

तिची सासू, बात्मा आपा, अंगणात कुरुतच्या, म्हणजे खारट दह्याच्या, गोळ्या उन्हात वाळत मांडत होती. ओढणीला हात पुसत ती दारात आली. "कोण येणार? मीच. आजच्या परीक्षेसाठी बांधून गेले."

आम्ही तिघांनीही फळीकडे पाहिलं.

हे सांगायला हवं. आमच्याकडे झऱ्याजवळच्या झाडाला माणसं मनातली इच्छा धरून चिंधी बांधतात. गावात कुणीतरी कधीतरी म्हणालं, हे घड्याळ कधी चुकत नाही, थेट आकाशाशी बोलतं. मग दहावीची मुलं परीक्षेआधी येऊन केबलला चिंधी बांधू लागली. मग नव्या सुना, मग बाळंतपणं, मग रशियात कामाला जाणारे. फळीखाली वीतभर जागेत केबल दिसतच नव्हती, नुसत्या रंगीत गाठी. आम्ही रोज त्या बघायचो आणि दिसायच्या नाहीत.

कायिरगुलने तार सलग असली की वाजणाऱ्या मीटरच्या दोन सुया एकेका तारेच्या टोकांना लावल्या. बोलायची तार वाजली. सामाईक तार वाजली. ऐकायची तार गप्प. मग तिने गाठींचा झुपका हातात धरून हळूच वाकवला. मीटर वाजला. सोडला, बंद.

"इथे आत तुटलीय. प्रत्येकाने गाठ आवळली, एकाच जागी."

"म्हणजे मी तोडली," आपा म्हणाली.

"त्रेचाळीस जणांनी तोडली, आपा. तुम्ही शेवटच्या." ती कात्री घेऊन वळली. "या सोडते, मग आतली तार जोडते."

आपा फळीच्या आणि तिच्यामध्ये उभी राहिली. "दुसऱ्याची गाठ सोडायची नसते."

"आपा, साडेदहा झालेत."

"वाजू देत. ती लाल गाठ झेय्नेपची आहे. लग्नाला सात वर्षं, आत्ता कुठे दिवस राहिलेत. ती सोडशील? ती पांढरी त्या ट्रक चालवणाऱ्या पोराच्या आईची. तो अजून घरी यायचाय. सोड बघू."

"ही चिंधी आहे, आपा."

"तुला चिंधी आहे. अगाय, तुम्ही सांगा हिला. नाहीतर नका सांगू, तुमचीही आहे ना त्यात. ती निळी."

कायिरगुल माझ्याकडे वळली. मी चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो की चिंधीने पेपर सोपा जात नाही.

"तू या नोकरीच्या परीक्षेला बिश्केकला गेली होतीस ना," मी म्हणालो. "त्याच्या आदल्या दिवशी. खडू पुसायच्या फडक्याची आहे."

"तुम्ही?"

"मी एकटाच होतो खोलीत. निदान तसं वाटलं होतं."

"मी खिडकीतून पाहिलं," आपा म्हणाली. "गाठ चांगली मारली होती."

कायिरगुलने कात्री मेजावर ठेवली. मला वाटलं, आता ती चिडेल किंवा रडेल. शाळेत ती दोन्ही करायची, गणित सुटलं नाही की. पण ती केबलकडे बघत होती, छपरापासून फळीपर्यंत, फळीपासून मेजापर्यंत, बोटांनी हवेत काहीतरी मोजत.

"एकही गाठ सोडायची नाही," ती म्हणाली. "बरोबर, आपा?"

"एकही."

"मग वरून कापते आणि खालून कापते. झुपका जसाच्या तसा तुम्हाला. झऱ्याच्या झाडाला लटकवा, तिथे त्याला कुणाशी बोलायचं नाही. उरलेली दोन टोकं मी जोडते. केबल वीतभर आखूड होईल."

"पोचेल?" मी विचारलं.

"नाही. मेज पुढे आणावं लागेल. घड्याळ जागचं हलवायचं नाही, त्याची अँटेनाची वायर मोजून बसवलीय."

आपाने थोडा विचार केला. मग बाजूला सरकली आणि झुपका दोन्ही हातांवर धरला, कुणाचं तान्हं मूल घ्यावं तसा. "काप. पण सावकाश."

मी आणि आपाने मिळून मेज ओढलं. कायिरगुलने तारा सोलल्या. एकेका रंगाला त्याच रंगाची तार पिळली, वर कथलाचा डाग दिला, प्रत्येक जोडावर वेगळी पट्टी गुंडाळली.  मी मदत देऊ केली तेव्हा ती म्हणाली, "अगाय, तुम्ही फक्त वेळ सांगत राहा." म्हणून मी मनगटावरच्या घड्याळात बघून सांगत राहिलो. अकरा दहा. अकरा पंचवीस. अकरा चाळीस.

अकरा त्रेचाळीसला तिने आधी पिन लावली. नाव टाइप केलं. नाव परत आलं. मग पिन काढून टोक घड्याळाला लावलं.

पडद्यावर ओळी धावू लागल्या, सेकंदाला एक. घड्याळ रात्रभर आणि सकाळभर बोलतच होतं, फक्त ऐकायला कुणी नव्हतं. कॉम्प्युटरची स्वतःची वेळ तेवढ्यात तीन दशांश सेकंद मागे पडली होती. ती हळूहळू जागेवर आली. अकरा चोपन्नला कोपऱ्यातली लाल खूण हिरवी झाली.

 आपा दारात झुपका घेऊन उभी होती. बारा वाजले. पडद्यावरची रेघ सरळ चालली होती. मी मनात मोजत होतो, सहाने बहात्तरला भागत होतो, मुलांना शिकवताना भागायचो तसा. बारा सेकंदांच्या आसपास रेघ एकदम वर उसळली.

खोलीत काही हललं नाही. कपसुद्धा नाही.

कायिरगुलने पहिल्या उसळीवर खूण केली, आकडा तीन वेळा तपासला आणि मिर्लानला फोन लावला. तिने बारा वाजून बारा सेकंद आणि पुढचे दोन आकडे वाचून दाखवले. पलीकडे कीबोर्डचा आवाज आला.

"एजे, हे कुठून आणलंत?"

"घड्याळातून."

"खाणीच्या वेळेशी हिशोब जुळतोय. फरक एका शतांशाच्याही आत. पण मी 'वेळ नाही' लिहून टाकलंय."

"मग खोड. मी थांबते."

पेनाचा आवाज फोनवरून ऐकू येत नाही, पण मला आला असं वाटलं.

"खोडलं. यादी मंगळवारी निघेल, पण तुमचं ठाणं राहतंय, हे मी आजच सांगतो. आठांत एवढा नेमका आकडा दोघांचाच आहे. आता बिघाडाचं कारण लिहायचंय. मी 'उपकरण सदोष' असं टाकतो. तुमच्यावर काही येणार नाही, वर नवा डबाही मिळेल."

आपाने माझ्याकडे पाहिलं. नवा डबा फुकटात, आणि कुणालाच काही कळणार नाही. मी कायिरगुलच्या जागी असतो तर मान डोलावली असती कदाचित.

"घड्याळात दोष नव्हता," कायिरगुल म्हणाली. "ते एक सेकंदही थांबलं नाही. लिही: केबलला चिंध्या बांधल्यामुळे आतली तार तुटली. रात्री आठची पाहणी झाली नाही. चूक ठाण्याची. दुरुस्ती ठाण्यावरच केली."

"हे सगळं लिहू?"

"याच क्रमाने."

तो लिहीत असावा. मग त्याचा आवाज जरा वेगळा आला, सकाळचा तोरा त्यात नव्हता. "एजे, ते पिन लावून तपासायचं जे तुम्ही केलंत, ते बाकीच्या ठाण्यांवर कुणाला येत नाही. मलाही कागदावरच माहीत आहे. तुम्ही बिश्केकला येऊन दोन दिवस शिकवाल का? गाडी पाठवतो."

मला वाटलं, ती माझ्याकडे बघेल. विचारेल, जाऊ का अगाय. तिने पाहिलं नाही. केसांतली सुटलेली बट मागे घेतली.

"तुम्हीच इकडे या," ती म्हणाली. "सगळ्यांना घेऊन या. बिश्केकला घड्याळ आहे, पण घळ नाही."

तिने फोन ठेवला, वही ओढली आणि बाराची नोंद लिहायला घेतली. बात्मा आपा दारातून विचारत होती की सगळे म्हणजे किती माणसं, कारण पाहुण्यांसाठी बोरसोक तळायचे तर पीठ आजच आणायला हवं.