प्रुनेदांची पाळी

त्या दिवशी माझी दाढ ठणकत नसती, तर मी अध्यक्ष झालेच नसते. गालात लवंग धरून, तोंड गच्च मिटून मी शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये मागे बसले होते. बाकीच्या बायका फुकटचा पिझ्झा खात एकमेकींची उणीदुणी काढत होत्या. प्रुनेदांना वाटलं, ही एकच बाई आपलं मन लावून ऐकतेय.

रोलांदो प्रुनेदा म्हणजे आमच्यासारख्या पिकांमागे फिरणाऱ्यांच्या पोरांसाठी जी सरकारी योजना आहे ना, तिचे अधिकारी. उन्हाळी शाळा, दप्तरं, चष्मे सगळं ती योजना बघते. कायदा असा, की योजना चालवायची तर पालकांचं सल्लागार मंडळ पाहिजे, आणि मंडळ म्हटलं की अध्यक्ष आलाच. प्रुनेदा माणूस वाईट नव्हे. जन्म टेक्सासचा, बोलणं गोड, शर्टाला कडक इस्त्री. फक्त त्यांना नंदीबैल पाहिजे होता.

"हर्मेलिंदाबाई कशा वाटतात?" ते म्हणाले. "काम फारसं नाही हो. छोटासा पदभार आहे. वर्षातून दोन-चार सह्या."

पदभार! हॉलमधले घास हातातच राहिले. आम्ही निम्मेशिम्मे मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातल्या सान बार्तोलो गावचे. तिकडे गावकीनं हात वर करून एखाद्याला पद दिलं, की नाही म्हणायची सोय नसते. वर्षभर स्वतःचं शेत सोडायचं आणि बिनपगारी गावाचं पाणी, शाळा, देऊळ, भांडणं सांभाळायची. पद नावाला, भार खरा. जो नाही म्हणेल त्याचं पाणी तोडतात. सभेला जो दांडी मारेल त्याच्या वाट्याला तेकियो, म्हणजे गावाचं एक काम फुकट करून द्यायचं. मग तो गावचा प्रमुख असो नाहीतर प्रमुखाचा सासरा.

हे प्रुनेदांना कोण सांगणार? मला सांगता आलं असतं, पण तोंडात लवंग होती. सगळ्यांचे हात वर गेले. वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, सगळे मानानं 'दोन्या' म्हणतात त्या तोमासांनी तर दोन्ही हात वर केले.

"आता बस बोंबलत," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "पोरीचं काम करून घे तेवढ्यात."

पोरीचं काम म्हणजे यारेलीचं. माझी यारेली अकरा वर्षांची. पीचच्या बागेत जायला आमची गाडी पहाटे चारला निघते. उन्हाळी शाळेची बस येते आठला, आणि ती फक्त मोठ्या पोरांना घेते. माझा बेतो दोन वर्षांचा. त्याला कोण बघणार? यारेली. तिनं दोन उन्हाळे शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. बस दारावरून जायची आणि ही पायरीवर बेतोला आणि शेजारच्या दोन शेंबड्यांना ओळीत बसवून शाळा-शाळा खेळायची. "मी बाई आहे ना, म्हणजे मी शाळेतच आहे," असं मला समजवायची.  ती तक्रार करत नाही याचा मला फार राग यायचा. पोरीनं तक्रार करायला हवी होती.

दाढ काढून आले आणि पहिल्याच बैठकीत उभी राहिले. म्हटलं, शाळा पहाटे चारला उघडा आणि बारक्यांसाठी एक खोली द्या.

"उत्तम सल्ला!" प्रुनेदा म्हणाले. "आम्ही नोंदवून घेतलाय."

पुढच्या बैठकीतही नोंदवून घेतला. तिसऱ्या बैठकीत त्यांनी इतक्या प्रेमानं नोंदवून घेतला, की दोन्या तोमासा मोठ्यानं म्हणाल्या, "या माणसाच्या पोटात किती सल्ले मावतात गं? पिझ्झापेक्षा जास्त खातो."

प्रुनेदा हसले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "आपण सगळे एक कुटुंब आहोत. मी अधिकारी नाहीच. मी या मंडळाचा साधा सभासद आहे, तुमच्यासारखाच."

मी लगेच विचारलं, "सगळ्यांना मान्य? सेन्योर प्रुनेदा आपले सभासद?" सगळे हात वर. त्यांना इतका आनंद झाला, की डोळे पाणावले बिचाऱ्यांचे.

पुढची बैठक आम्ही रविवारी आमच्याच वस्तीच्या अंगणात ठेवली. मिरच्यांचं घट्ट मोले शिजवलं, खुर्च्या मांडल्या, अख्खी वस्ती जमली. प्रुनेदा आलेच नाहीत. निरोप आला, अचानक काम निघालं. ते काम तळ्यावर गळ टाकून बसलं होतं, हे आमच्या गाडीवाल्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

"सभासद गैरहजर," मी म्हटलं. पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही.

गावात समन्स न्यायला तोपिल असतो, हातात काठी घेतलेला. इथे काठी कुठली? दोन्या तोमासांनी झाडूचा दांडा घेतला आणि सोमवारी प्रुनेदांच्या कचेरीत जाऊन मधोमध उभ्या राहिल्या. मी सोबत होते, म्हाताऱ्या बाईला एकटं कसं सोडायचं. दांडा फरशीवर आपटून त्यांनी आमच्या मिश्तेक बोलीत अशी आरोळी ठोकली, की सगळे टाइप करायचे थांबले. प्रुनेदांच्या वरिष्ठ बाई चष्मा सावरत बाहेर आल्या.

"काय झालं? या काय म्हणतायत?"

मी स्पॅनिशमध्ये सांगितलं, "मंडळाचे सभासद बैठकीला आले नाहीत, म्हणून त्यांना तेकियो लागलाय. एक दिवस गावाची पोरं सांभाळायची. आमच्यात मोठा मान असतो त्याचा."

मान असतो हे मी पदरचं घातलं. पण वरिष्ठ बाईंचा चेहरा उजळला. "किती सुंदर प्रथा! रोलांदो, तुम्ही जाताय. आणि फोटो काढा हं."

प्रुनेदा बिचारे काय बोलणार? "आनंदानं," ते म्हणाले. मग हळूच माझ्याकडे वळले, "किती वाजता यायचं?"

"काम सुरू होतं तेव्हा. साडेतीनला."

"दुपारी?"

दोन्या तोमासा एवढ्या हसल्या, की त्यांना दांड्याचा आधार घ्यावा लागला.

तर शुक्रवारी पहाटे प्रुनेदा आले. डोनटचा खोका, गळ्यात कॅमेरा आणि इस्त्रीचा शर्ट. त्यांना वाटलं, माझ्या एका खोलीत माझी दोनच पोरं असतील. पण बातमी वस्तीभर गेली होती. मंडळाच्या सभासदाची पाळी आहे म्हटल्यावर कोण सोडतंय? एकेक आई यायची, झोपलेलं मूल गादीवर ठेवायची, "देव भलं करो, सेन्योर" म्हणायची आणि गाडीत चढायची. कुणाला जुलाब, कुणाला दात येत होते, एकाला फक्त बकरीचं दूध चालत होतं. दोन्या तोमासांचा दुखरा गुडघा त्या दिवशी नेमका बरा झाला आणि त्याही बागेत आल्या.

"थांबा, थांबा, हे सगळे?" प्रुनेदा दारातून ओरडले.

"एक कुटुंब, सेन्योर!" गाडीतून दोन्या तोमासा ओरडल्या.

पुढचं मला यारेलीनं सांगितलं. उजाडेपर्यंत डोनट शर्टावर गेले होते. कॅमेरा मक्याच्या पेजेच्या, अटोलेच्या पातेल्यात पडला. बेतोनं त्यांची मांडी अशी पकडली होती, की त्यांना त्याला घेऊनच इकडेतिकडे फिरावं लागत होतं. त्यांनी गाणी म्हटली, घोडा झाले, मेक्सिकोचं राष्ट्रगीतसुद्धा म्हणून झालं. एकाला गप्प करावं तर दुसरं सुरू. यारेली त्यांना सांगत होती, याला उलटा धरा, तिला थोपटू नका, ती चिडते.

आठला रस्त्यावर बसचा भोंगा वाजला.

"अगं, तुझी बस," प्रुनेदा म्हणाले.

"हो," यारेली म्हणाली आणि एकाचं नाक पुसत राहिली.

"मग जा की."

"आणि यांना कोण बघणार?"

प्रुनेदांनी एकदा पोरांकडे, एकदा तिच्याकडे बघितलं म्हणे. "रोज तूच?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "आमचा बेतो आणि शेजारची दोन मीच. बाकीच्यांच्या घरी दुसऱ्या मुली असतात." त्यांनी तिच्या हातातलं रडकं पोर काढून स्वतःच्या दुसऱ्या कडेवर घेतलं. "आज मी आहे. पळ."

माझी पोर पळाली. एक पाय चपलेत, एक अनवाणी. बसवाला थांबला.

दुपारी दोनला आम्ही आलो तेव्हा प्रुनेदा पायरीवर बसले होते. शर्ट कुठल्या रंगाचा होता ते आता सांगता आलं नसतं. मांडीवर बेतो झोपलेला, बाकी पोरं आजूबाजूला मातीत खेळत होती. मी काहीतरी टोमणा तयार ठेवला होता, पण त्यांचं तोंड बघून गिळला.

"हर्मेलिंदाबाई," ते म्हणाले, "हा सल्ला आता मी नोंदवून घेणार नाही. वरच्या बाईंना घेऊन येतो इथे. पहाटे साडेतीनला."

आणि खरंच घेऊन आले. जुलैच्या सुरुवातीला शाळेत बारक्यांची खोली उघडली आणि बस चारच्या आधी वस्तीवर यायला लागली. अंधारात बेतोला कडेवर घेऊन यारेली बसमध्ये चढली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही, कार्टी.

त्या संध्याकाळी मी तोर्तिया भाजत होते. ती आली आणि माझ्याजवळ उभी राहिली. तोंडावर काहीतरी लपवल्यासारखं हसू.

"अमा, आज मला बाई रागावल्या."

"का गं? काय केलंस?"

"शेजारच्या मुलीशी बोलत होते. बाई दोनदा म्हणाल्या गप्प बस, तरी बोलत होते. मग मला बाकावरून उठवून एकटीला पुढे बसवलं."

अशा वेळी आईनं रागवायचं असतं, हे मला माहीत आहे. मी तोर्तिया करपू दिली, तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, "पहिल्यापासून सांग. काय बोलत होतीस?"